नाडी न पाहणारा वैद्य

डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, डोळे मिटायचे आणि झुडपासमोर नुसतं उभं राहायचं, ही त्याची सवय. आम्ही बाकीचे कुदळी मारून घामाघूम झालेले, डोंगरगणच्या त्या उघड्या टेकडीवर ऊन चढायला लागलेलं, आणि हा एका काटेरी रिंगणीपुढं असा उभा, की कोणाला वाटावं घरातलं वडीलधारं माणूसच समोर आलंय. "अरे, आटप की," म्हटलं तर डोळे न उघडता म्हणायचा, "जरा दम धर. आधी इचारून घेतो."

"कोणाला? झुडपाला?"

"झुडपाला कशाला? ज्यानं केलंय त्याला."

मग टोपी परत डोक्यावर चढायची आणि कुदळ हातात यायची. त्यानंतर मात्र तो आमच्यापेक्षा भराभर खणायचा.

आमच्यात, म्हणजे वैद्यकी शिकणाऱ्यांत, वनस्पती उपटण्याआधी तिला आमंत्रण द्यायचा रिवाज होता. आदल्या संध्याकाळी जायचं, हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या, उद्या न्यायला येतो म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खणायचं. न सांगता उपटलेल्या औषधाला गुण येत नाही, असं गुरुजी म्हणत. आम्ही सगळे ते करत होतो. खरं सांगायचं तर आळसापायी पुष्कळदा दोन्ही कामं एकाच सकाळी उरकत होतो, आमंत्रण आणि अपहरण एकदमच. तो एकटा अक्षता वाहत नसे. तो ख्रिस्ती होता.

लढाईचे दिवस होते. नगरच्या रस्त्यांवरून गोऱ्या सोजिरांच्या लॉऱ्या धूळ उडवत जायच्या, रॉकेल आणि साखर रेशनवर गेली होती, आणि अशा दिवसांत आम्ही वीसेक पोरं काढे कसे उकळायचे ते शिकत होतो. कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दगडी कमान आणि घड्याळाचा मनोरा आला असेल तर तो पुसून टाका. चार खोल्या, पत्र्याची एक औषधशाळा, एक विहीर आणि गुरुजी, एवढंच आमचं कॉलेज. आता तेही राहिलं नाही. मी पारनेरच्या जोश्याचा मुलगा. पंचांग सांगून पोट भरायचे दिवस संपत आले हे वडिलांनी ओळखलं आणि मला इकडं धाडलं. बाकीची पोरंही थोडीफार माझ्यासारखीच, शेंडी आणि जानवं घेऊन आलेली.

त्यात हा आला. जामखेडच्याही पुढं, निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या गावाचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नाव आमच्यासारखंच होतं, त्यामुळं पहिले दोन दिवस कोणाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. त्यानंतर खानावळीत त्याचं पान पंगतीतून उठलं. कारण सांगायची गरज त्या काळात कोणाला वाटत नसे आणि त्यानेही विचारलं नाही. शहरात त्याला कोणी खोली देईना, तेव्हा गुरुजींनी औषधशाळेच्या पडवीत त्याला राहायला सांगितलं. तिथंच तीन दगडांची चूल मांडून तो भाकरी थापायचा आणि भाकरी ताटलीत पडली की पुन्हा डोळे मिटून बसायचा. भाकरी गार होऊन जायची. मी एकदा म्हटलं, "तुझ्या देवाला सांग की गरम असताना आटपत जा." तो म्हणाला, "त्याला घाई न्हाई, मलाच भूक हाय."

तुम्ही म्हणाल, नगरात ख्रिस्ती लोक काय थोडे होते? होते की, मोठ्या वस्त्या होत्या, शाळा होत्या, बोर्डिंग होतं. पण तिथल्या मंडळींना त्याचं हे शिक्षणच पसंत नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर व्हायचं सोडून हा पोरगा शेंडीवाल्यांत बसून मंत्र शिकतोय, असं त्यांना वाटे. मीही त्याला विचारलं होतं, कंपाउंडर का झाला नाहीस म्हणून.

"आमच्याकडं मिशनच्या डॉक्टरची गाडी येती," तो म्हणाला. "पर ती येती तवा मान्सं धडधाकट आसत्यात, आनि मान्सं पडत्यात तवा गाडी नसती. गुळवेल तर बांधावरच हाय. तिला गाडी लागत न्हाई."

वडिलांना हे पटलं होतं. निघताना त्यांनी त्याला एकच सांगितलं होतं: सगळ्यांकडून शीक, गुडघा मात्र एकाच्याच पुढं टेक.

रोज सकाळी धड्याआधी धन्वंतरीची प्रार्थना होई. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी ती संपल्यावर डोळे उघडले आणि रांगेवरून नजर फिरवली. "जामखेडकर, तुझा आवाज येत नाही."

"पाठ हाय गुरुजी. पर म्हनता न्हाई यायचं."

"पाठ आहे तर अर्थ सांग."

त्याने अर्थ सांगितला, एकही शब्द न गाळता. आमच्यातल्या निम्म्यांना तो येत नव्हता, पण आम्ही खणखणीत म्हणत होतो. गुरुजींनी उपरणं सावरलं. मग म्हणाले, "बरं. आमच्याबरोबर उभा राहत जा. तोंड मिटलेलं चालेल, कान उघडे ठेव."

शिक्षण संपेपर्यंत तो असाच उभा राहिला. सगळे एका सुरात म्हणत असताना एकाने गप्प उभं राहायचं, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नवीन पोरं यायची, त्याच्याकडं माना वळवून बघायची, आणि दरवर्षी ते नव्याने व्हायचं. तो समोरच्या भिंतीकडं बघत असे. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. चार ओळी पुटपुटल्या असत्या तर काय झालं असतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटायचं.

रविवारी तो देवळात जायचा. चर्चला तो देऊळच म्हणायचा. मी एकदा कुतूहलाने त्याच्याबरोबर गेलो. पेटी, तबला, झांजा, सगळं आमच्या भजनासारखंच. आणि हा माझा मित्र शेवटच्या बाकावर उभा राहून गळा फाडून गात होता. गात होता म्हणायचं, पण सूर एकीकडं आणि हा भलतीकडं. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी दोनदा मागं वळून पाहिलं. सहा दिवस मिटलेलं तोंड सातव्या दिवशी उघडत असावं.

उपासना सुटल्यावर लोक अंगणात थांबले. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा मुलगा फौजेत गेला, अशी बोलणी चालली. त्याच्याजवळ येऊन एक जण एवढंच म्हणाला, "काय वैद्यबुवा, भूत उतरवायला शिकलात का नाही अजून?" त्यात वाईट हेतू नव्हता, थट्टाच होती. पण त्या थट्टेनंतर कोणी त्याला चहाला घरी नेलं नाही. तो थोडा वेळ लोकांच्या कडेला उभा राहिला, मग मला म्हणाला, "चल, काढा चुलीवर हाय."

नाताळात त्याच्या आईने कोणाबरोबर तरी डबा पाठवला. करंज्या होत्या. नव्या धोतरात, भांग पाडून, तो डबा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला. "आज आमचा सन हाय. घ्या." एकाचा उपास निघाला. दुसऱ्याचं पोट बिघडलेलं निघालं. तिसऱ्याला पोटाचीच कल्पना आवडली, मग चौथ्यालाही. वैद्यकीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची पोटं एकाच सकाळी बिघडावीत, हा योग काही रोज येत नाही. त्याने डबा ठेवला, औषधशाळेत गेला, ओव्याची बरणी घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ओवा ठेवला. तो सगळ्यांनी खाल्ला. ही त्याने केलेली थट्टा होती की त्याला ते खरंच वाटलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मी करंजी खाल्ली. त्यात शौर्य काही नव्हतं, करंजी दिसली की मला बाकीचं आठवत नाही. जायफळ जरा जास्त पडलं होतं. तो माझ्याकडं बघत बसला आणि मी तिसरी घेतल्यावर म्हणाला, "आईला सांगीन, एकानं खाल्ल्या म्हनून."

आता गुरुजींच्या नाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं.

नाडी पाहणारे वैद्य तुम्हीही पाहिले असतील. बहुतेक जण मनगट धरून मनात बाजाराचा विचार करत असतात. गुरुजींचं तसं नव्हतं. नेवाशाकडून, शेवगावाकडून लोक बैलगाडीत माणसं घालून आणायचे. गुरुजी तीन बोटं मनगटावर ठेवायचे आणि रोग्याने तोंड उघडायच्या आत त्याला कुठं दुखतं ते सांगायचे. ही विद्या मात्र ते वर्गात शिकवत नसत. काही वर्षांनी एखादाच विद्यार्थी निवडत आणि त्याला एकट्याला देत. त्यांना त्यांच्या गुरूने तशीच दिली होती. निवडलेल्या मुलाने धनत्रयोदशीला धन्वंतरीच्या पूजेला बसायचं, तीर्थ घ्यायचं, गुरुजी कानात मंत्र सांगत तो घ्यायचा आणि ही विद्या दुसऱ्या कोणाला देणार नाही अशी शपथ घ्यायची. त्यानंतर शिकवणं सुरू होई.

माझ्या मित्राचा जीव त्या नाडीत अडकला होता. गुरुजी रोग्यांना तपासत असत त्या खोलीच्या दाराशी काही ना काही काम काढून तो जायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. गुरुजींची बोटं मनगटावर पडली की हा हातातलं काम विसरायचा. कढई उतू गेलेली मी तेवढ्यापायीच पाहिली आहे. एरवी कामात त्याच्याइतका चोख कोणी नव्हता. त्याच्या गावात वैद्य म्हणून उभं राहायचं तर नाडी हवीच होती. आमच्या भागात रोगी आधी हात पुढं करतो, दुखणं मागाहून सांगतो.

शेवटच्या वर्षी दसरा झाल्यावर गुरुजींनी त्याला बोलावलं. मी तिथं खलात औषध घोटत बसलो होतो. मला त्यांनी उठायला सांगितलं नाही.

"यंदा तू पूजेला बसायचंस," गुरुजी म्हणाले.

 त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"मला ठाऊक आहे तुझं," गुरुजी पुढं म्हणाले. "मनात कोणाला ठेवायचं ते तुझं तू ठेव, मी विचारणार नाही. पळीभर पाणी सोड, तीर्थ घे, कानात सांगतो ते ऐक. एवढंच. अरे, तुझ्यासारखा हात मला पुन्हा मिळायचा नाही."

गुरुजींनी इतकी विनवणी कोणाची केलेली मी पाहिली नव्हती. माझं घोटणं थांबलं होतं, ते मी पुन्हा सुरू केलं.

 मग तो म्हणाला, "गुरुजी, मनात एक आनि हातात एक, आसं मला न्हाई जमायचं."

"विद्या हवी आहे ना?"

"लई हवी हाय."

"मग?"

"तसंच देता यील का गुरुजी? पूजेबिगर?"

गुरुजींनी मान हलवली. "मी माझ्या गुरूला शब्द दिलाय. तुझं जसं तुला मोडता येत नाही, तसं माझं मला."

"व्हय," तो म्हणाला. "मग न्हाई मोडायचं कुनीच."

तो बाहेर गेला आणि विहिरीवर जाऊन घागरी भरायला लागला. औषधशाळेतली सगळी भांडी भरून झाली तरी पाणी काढतच होता. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं.

पूजेच्या दिवशी सकाळी आवार त्यानेच झाडलं. भांडी घासली, शिडी लावून झेंडूची तोरणं बांधली. कोणी सांगितलं नव्हतं, पण घरचं काम असल्यासारखा तो ते दरवर्षी करायचा. पूजा सुरू झाली तसा उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसला. त्या वर्षी पूजेला मी बसलो. थोरलीने नाकारलं म्हणून धाकटीला मागणी घालावी, तसा माझा नंबर लागला होता. तीर्थ घेताना मला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती.

पण तोरण बांधताना त्याला त्याच्या देवळातल्या कोणीतरी रस्त्यावरून पाहिलं होतं. पुढच्या रविवारी पंचमंडळींनी त्याला बाजूला घेतलं आणि मूर्तीपूजेत तुझा हात आहे असं कानावर आलंय, त्याचा उलगडा होईपर्यंत प्रभुभोजनाला पुढं यायचं नाही, असं सांगितलं. त्यांच्यात ते फार मोठं असतं. सगळ्यांनी मिळून एका भाकरीतलं खायचं, एका प्याल्यातलं प्यायचं. आमच्या पंगतीतून तो उठला होताच, आता त्याच्या पंगतीतूनही उठला.

"अरे, पण तू पूजा नाकारलीस, हे का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांनी इचारलं, तोरन बांधलंस का. बांधलं हुतं. व्हय म्हनलं."

"पण नाकारलंस ते सांग ना. तेवढ्याने सगळं मिटेल."

त्याने माझ्याकडं पाहिलं. "मी ते त्यांच्यासाटी नाकारलं व्हय?"

त्यानंतरही तो दर रविवारी जातच राहिला. एका रविवारी मी बरोबर गेलो. प्रभुभोजनाची वेळ आली, लोक उठून पुढं जायला लागले. बाक रिकामे होत गेले. म्हातारे गेले, बायका गेल्या, त्याला भूत उतरवण्याबद्दल विचारणारा तोही गेला. शेवटच्या बाकावर आम्ही दोघंच बसून होतो. मी परका होतो, माझं काय. तो गुडघ्यांवर हात ठेवून, पुढं बघत बसला होता. अंगावर धुतलेला सदरा होता, केस विंचरलेले होते. घरच्या कार्यात घरच्याच माणसाला वाढायचं राहून जावं आणि त्याने तोंडाने मागू नये, असं ते बसणं होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला न सांगता मी त्यांच्या पाळकसाहेबांच्या घरी गेलो. पाळकसाहेब वयस्क आणि शांत गृहस्थ होते. शेंडी ठेवलेला पोरगा दारात पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांच्या बाईंनी चहा आणला. प्यावा की नाही यात तो निवला, मग मी तो एका घोटात पिऊन टाकला आणि सगळं सांगितलं, गुरुजींची विनवणी, त्याचं उत्तर, विहीर, सगळं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "हे त्याने आम्हाला का नाही सांगितलं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत म्हणून." पोरवय होतं, बोलून गेलो.

पुढच्या प्रभुभोजनाला त्याला बोलावणं झालं. कोणी काही बोललं नाही, चूक झाली असंही नाही. तो पुढं जाऊन गुडघे टेकून आला आणि पुन्हा शेवटच्याच बाकावर बसला. परतताना रस्त्यात मला म्हणाला, "तू गेल्तास का पाळकसायबाकडं?"

"गेलो होतो."

"जायाला नको हुतंस." मग पुष्कळ अंतर चालल्यावर म्हणाला, "पर बरं वाटलं."

माझं नाडीचं शिक्षण सुरू होतं. मला ते जमत होतं, पण गुरुजींच्या तोंडावर समाधान दिसत नव्हतं. दुसऱ्याचं ताट पुढं ओढून जेवतोय, असं मला होई. शेवटी एका दुपारी विहिरीवर मी त्याला गाठलं. "ये इकडं. मनगट दे. मला शिकवलंय तेवढं तुला सांगतो."

त्याने बाही वर सरकवली. हात पुढं केलाही. मग तो थांबला.

"गुरुजींनी तुला शपथ घातली आसंल."

"घातलीय. पण हा मान तुझाच होता. तुला सांगितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्याने बाही खाली ओढली आणि गुंडी लावली. "मग न्हाई. तुजा शब्द मोडून मला शिकायचं न्हाई."

"माझा शब्द, माझा देव. तुला काय त्याचं?" मी चिडलो होतो.

"तुजा शब्द तू मोडशील," तो म्हणाला, "पर माज्यासाटी म्हनून मोडशील. ते मला झेपायचं न्हाई."

त्यानंतर हा विषय आम्ही काढला नाही.

परीक्षा झाल्या, तो पहिला आला. गुरुजींचा निरोप घ्यायला आम्ही एकेक करून गेलो. आम्ही पायांवर डोकं ठेवत होतो आणि गुरुजी डोक्यावर हात ठेवत होते. त्याची पाळी आली तेव्हा तो हात जोडून उभा राहिला. गुरुजींनी त्याला विचारलं, "डोक्यावर हात ठेवू का?" त्याने मान झुकवली. गुरुजींचा हात बराच वेळ तिथं होता.

मी पारनेरला दवाखाना घातला. नाडीच्या जोरावर चांगला चालला. तो त्याच्या गावी गेला. वर्षातून एखादं पत्र यायचं, त्यात बहुधा कोणत्या झाडाला यंदा किती पाला आला तेवढंच असायचं. स्वराज्य आलं, गुरुजी गेले, निजामाचं राज्य गेलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला जामखेडला एका लग्नाला जावं लागलं, तेव्हा वाकडी वाट करून मी त्याच्याकडं गेलो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर दोन वर्षांनी माणूस पाठवला तर घराला कुलूप होतं. कोणी म्हणे तो बीडकडं गेला, कोणी म्हणे आणखी पलीकडं. म्हणून हा एक दिवस मी जरा सावकाश सांगतो.

गाव उजाड दिसत होतं. सरहद्दीवरच्या दंगलीच्या दिवसांत आणि नंतरच्या दुष्काळात ख्रिस्ती घरं एकेक करून उठली होती, कोणी नगरला, कोणी पुण्याला. त्याचे आईवडील राहिले नव्हते. लग्न झालं नव्हतं. मातीच्या शाळेलाच देऊळ म्हणत, तिला लागून एका खोलीत तो राहायचा. रविवार होता. त्याने झाडाला टांगलेला लोखंडाचा तुकडा वाजवला, दार उघडलं, चटया अंथरल्या. एक म्हातारी आली. तिला ऐकू येत नव्हतं. तिसरा मी. त्याने शास्त्रातलं वाचलं, आणि मग भरल्या देवळात गावं तसा गळा उघडून गायला, पूर्वीइतकाच बेसूर. प्रार्थनेत गुरुजींचं नाव घेतलं. माझंही घेतलं, मी समोर बसलेलो असताना. कुठं बघावं ते मला कळेना.

औषधं उत्तम होती. सावलीत वाळवलेली, नीट कुटलेली, स्वच्छ. रोगी मात्र नव्हते. सकाळपासून दोघं आले. दोघांनीही हात पुढं केला, आणि "मला नाडी येत न्हाई" हे त्याने सांगताच तसेच उठून गेले.

"अरे, नुसता हात धर," मी म्हटलं. "तीन बोटं ठेव, चार श्वास मोज, सोड. औषध तर तुला ठाऊकच असतं. जिल्ह्यातले निम्मे वैद्य हेच करतात. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय की," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

दुपारी शेजारच्या गावचा एक म्हातारा मुसलमान पिंजारी आला, मुलाच्या खांद्याला धरून. आयुष्यभर कापूस पिंजून छाती भरलेली, धाप दारातूनच ऐकू येत होती. टेकल्याबरोबर त्याने हात पुढं केला.

"चाचा, नाडी मला येत न्हाई," मित्र म्हणाला. "पर खोकला ऐकलाय. औशद हाय माज्याकडं."

"नाडी न्हाई?" म्हाताऱ्याने मुलाकडं पाहिलं. "मग ह्यो वैद कसला? चल बाबा, उठीव मला."

धापा टाकत तो उठायला लागला. चार कोसांवर दुसरा वैद्य नव्हता. मला राहवलं नाही. "चाचा, बसा," मी म्हटलं. "मीही वैद्यच आहे, ह्यांचाच सोबती. मला येते नाडी. द्या हात."

म्हातारा पुन्हा बसला आणि त्याने मनगट माझ्या हातात दिलं. बोटं ठेवण्याआधी माझं लक्ष मित्राकडं गेलं. त्याची नजर माझ्या हातावर खिळली होती. गुरुजींच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून बघायचा, तीच नजर. तेवढ्या वर्षांत ती जराही निवली नव्हती. हातातली पुडी अर्धी बांधायची राहिली होती.

मग त्याने पुडी खाली ठेवली आणि तो वळला. भिंतीकडं तोंड करून, हात मागं बांधून उभा राहिला. माझं कोणतं बोट कुठं पडतं, केव्हा दाबतो आणि केव्हा सोडतो, ते दिसू नये म्हणून.

"ह्ये का तिकडं तोंड करून हुबं ऱ्हायले?" पिंजाऱ्याने मला विचारलं.

मी बोटं टेकवली. नाडी पाहिली. कफ होता, दुसरं काही नव्हतं. मित्राने जे औषध काढलं होतं तेच द्यायचं होतं. मी मनगट खाली ठेवलं आणि म्हटलं, "झालं. वळ आता."

तो लगेच वळला नाही.